तेरा काळे दांडे

१ फेब्रुवारी, रविवार

मला लिहिता येत नाही, हे आधी लिही, म्हणजे पुढे कुणी अक्षरावरून मला बोलायला नको. अक्षर हिचं, बोलणं माझं. ही म्हणजे माझी लेक. कोर्टात एकोणीस वर्षं टाइपिस्ट होती, बोटांकडे न बघता टाइप करते. गेल्या वर्षी एके दिवशी राजीनामा देऊन घरी आली. का, तर कंटाळा आला. मी म्हटलं, खाण तशी माती. हिच्या बापानंही रेल्वेची नोकरी अशीच सोडली होती, म्हणे जिना चढून गुडघे दुखतात. ते जाईपर्यंत मी त्यांना राजीनामेसाहेब म्हणत आले. आता घरात छोट्या राजीनामेबाई आहेत.

टाइप केलंस का? कर. गाळायचं नाही असं ठरलंय.

जावई जहाजावर असतात, वर्षातून दोनदा पाहुण्यासारखे येतात. नात लांब शिकायला आहे, रविवारी फोन करते. राहिलो आम्ही दोघी. त्यात ही दिवसभर आतल्या खोलीत पडदे ओढून कॉम्प्युटरपुढे, वटवाघळासारखी. मी कुरकुर केली तेव्हा म्हणाली, आई, संध्याकाळी अर्धा तास तू बोल, मी टाइप करते, तुझी दैनंदिनी होईल. म्हणजे मला गप्प बसवायला हिनं मला बोलायला लावलं.

हिचा उद्योग असा. खेळण्यातले प्लास्टिकचे ठोकळे असतात ना, एकमेकांत बसणारे, त्यांच्या इमारती रचते. आधी कॉम्प्युटरच्या चित्रात, एकेक ठोकळा लावून. मग कॉम्प्युटर यादी काढून देतो, कुठला तुकडा किती आणि कुठल्या रंगाचा. ती यादी तुकडेवाल्याकडे जाते, तो पिशव्या पाठवतो. यादी काढण्याला ही एक्सपोर्ट म्हणते. आमच्या बटणांच्या कारखान्यातून एक्सपोर्ट व्हायचा तेव्हा बंदरात बोट लागायची. इथे नुसतं बोट लागतं.

यावेळचं काम मोठं आहे. स्टेशनातली जुनी सिग्नलची केबिन पाडली. नव्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत तिची हातभर उंचीची प्रतिकृती ठेवायची आहे, चौदा मार्चच्या आत. तीच केबिन, जिच्यात राजीनामेसाहेब अकरा वर्षं होते. हिनं कामाला हो म्हटलं तेव्हा आवाज कापला. मी म्हटलं, सर्दी झाली का?

३ फेब्रुवारी, मंगळवार

पहिलं खोकं आलं. निवडायचं काम माझं. बत्तीस वर्षं बटणं निवडली आहेत, काळ्याच्या सात जाती मला वेगळ्या दिसतात. मोतीबिंदू काढल्यापासून तर मुंगीचे पायही मोजीन. त्या दिवशी डॉक्टरांनी हिलाही खुर्चीत बसवलं होतं, माझ्यापेक्षा जास्त वेळ. बाहेर येऊन म्हणाली, नंबर थोडा बदललाय. चष्मा अजून केलेला नाही. आळस.

चौदा वाट्या मांडल्या. ही यादी वाचते, मी मोजते. यादीचं एकेक अक्षर स्क्रीनवर पाटाएवढं करून वाचते. मी म्हटलं, माझ्यासाठी कशाला एवढं मोठं, मला लहानही येत नाही आणि मोठंही येत नाही.

यादीप्रमाणे सगळं बरोबर आलं होतं. पण चित्रातली इमारत त्यात होईना. पायऱ्या बारा हव्यात, आल्या सहा. कठड्याचे खांब आठ हवेत, आले चार. ही तुकडेवाल्याला फोन लावायला निघाली. मी म्हटलं, थांब, जे कमी आहे ते सगळं नेमकं निम्मं आहे. चोर इतका हिशोबी नसतो.

ही कपाळावर हात मारून हसली. केबिनला दोन्ही बाजूंनी जिने होते. हिनं एकच जिना रचला आणि त्याचीच नक्कल पलीकडे ठेवली. यादीनं जिना एकदाच मोजला. मग हिनं तो जिना चित्रात सुटा केला, यादी पुन्हा काढली, आणि आकडे जुळले.

म्हणाली, आई, तुला नोकरीवर ठेवू का? मी म्हटलं, तुमच्या घराण्यात नोकरी टिकत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज छप्पर गायब. दुसऱ्या खोक्यात भिंती आल्या, खिडक्या आल्या, कौलाचा तुकडा एकही नाही. सकाळभर शोधाशोध. शेवटी हिलाच आठवलं. आतलं काम दिसावं म्हणून चित्रातलं छप्पर तिनं झाकून ठेवलं होतं, आणि जे झाकलेलं असतं ते यादीत येत नाही. मी म्हटलं, यंत्राला घरोघरची रीत कळलेली दिसते.

यादी पुन्हा गेली.

ही हल्ली बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नाही, कानाकडे बघते. मान थोडी वाकडी करून, कोपऱ्यातून. मी म्हटलं, नवी नवरी आहेस का, सरळ बघायची लाज वाटायला? ही बापाची खोड. तेही असेच तिरपे बघायचे. लग्नाच्या फोटोतही फोटोवाला सरळ बघा, सरळ बघा म्हणून थकला. माणसानं लग्नाच्या दिवशीसुद्धा माझ्याकडे नीट पाहिलं नाही.

आणि मोजे. आज एका पायात काळा, एका पायात लाल. विचारलं, ही नवीन फॅशन का? खाली वाकून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, हो, फॅशन. मुलगी परगावी गेल्यापासून आई तरुण झाली वाटतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज दांड्यांचा विषय निघाला. केबिनमध्ये कमरेएवढे अठरा लोखंडी दांडे ओळीनं उभे होते. दांडा ओढला की तार खेचली जायची आणि लांब कुठेतरी सिग्नल पडायचा. सात लाल, ते गाडी थांबवायचे. सहा काळे, ते रूळ बदलायचे. तीन निळे, ते कुलपांचे. दोन पांढरे, ते बिनकामाचे, प्रत्येक खात्यात असतात तसे. मला हे पाठ आहे, कारण अकरा वर्षं डबा घेऊन मी तो जिना चढले. आत पाय टाकायची परवानगी नव्हती. दारात उभं राहून मोजायचे.

शेवटच्या वर्षी साहेबांनी माझ्याकडून बटणं शिवायचा जाड दोरा मागून नेला आणि दांड्यांच्या मुठींवर गुंडाळला. लाल दांड्याला एक गाठ, काळ्याला दोन, निळ्याला तीन. मी विचारलं, हे काय? म्हणाले, मूठ हातातून सटकते. मी म्हटलं, मूठ नाही, तुमची अक्कल सटकली आहे.

आज ही म्हणते, आई, आपल्या ठोकळ्यांच्या दांड्यांनाही तसाच दोरा बांध. तेवढ्याच गाठी. मी म्हटलं, तुला कसं आठवतं, तू दहा वर्षांची होतीस. म्हणाली, बाबांनी माझ्याकडून त्या तपासून घेतल्या होत्या.

बाप-लेकीचं नेहमीच असं. मला डबा पोचवण्यापुरतं ठेवलेलं.

दोऱ्याचं रीळ सापडलं. तेच जुनं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तिसरं खोकं. त्यात दांड्यांचे तुकडे, बोटाच्या पेराएवढे. तीन निळे, दोन पांढरे, तेरा काळे. लाल एकही नाही.

हिनं तुकडेवाल्याला धारेवर धरलं. तो सज्जन आहे. म्हणाला, ताई, यादीत काळे तेरा आहेत, मी यादीबाहेर जात नाही. हिनं यादी पुन्हा काढली. पुन्हा तेरा. यादीत रंगाला नाव नसतं, नुसता आकडा असतो, आणि तो आकडा काळ्याचाच होता. हिनं ज्यांनी तो प्रोग्रॅम बनवला त्यांना लिहिलं. संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं, चित्र आणि यादी तंतोतंत जुळतात, आमच्याकडे दोष नाही.

हिचं म्हणणं, त्यांना काही कळत नाही, यादी काढताना रंग बिघडतो. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. रागावली. जिन्यातही यंत्राचंच चुकलं होतं ना, म्हणाली. ते खरं आहे.

एक गंमत. मी ते तेरा तुकडे तिच्यापुढे ताटलीत ठेवले. ती एकेक उचलून बोटांनी चाचपत राहिली. मग हळूच म्हणाली, यातले लाल कुठले? मी म्हटलं, अगं, यात लाल नाहीतच, तेच तर दुपारपासून चाललंय. म्हणाली, हो, तेच. खात्री करत होते.

कामाचा ताण फार झाला की माणूस असं बोलतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तुकडेवाला पुन्हा काढलेल्या यादीवरूनही काळेच पाठवतो म्हणाला, तेव्हा मी उठून आतल्या खोलीत गेले. त्या अंधारात मी सहसा जात नाही, ठेच लागते. म्हटलं, दाखव मला ते चित्र.

केबिन सुरेख दिसत होती. खिडकीच्या काचा, जिन्याचा कठडा, घड्याळसुद्धा. आणि ओळीनं अठरा दांडे. मी म्हटलं, अगं, चित्रातच काळे आहेत.

"स्क्रीनवर तसे दिसतात."

"निळा निळा दिसतो, पांढरा पांढरा दिसतो. लाल तेवढा काळा दिसतो?"

"आई, बाकीचे रंग आधीच दिले होते, लाल मी शेवटी दिला. माझ्या हातानं. रंगांच्या खणांत दुसरी ओळ, डावीकडून पाचवा."

मी बोटानं मोजलं. "पाचवा काळा आहे. लाल सहावा."

मग म्हणाली, मागच्या आठवड्यात प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. नवीन रंग घातला असेल, खण सरकले असतील.

मी विचारलं, "तू रंग बघून घेतलास की खण मोजून?"

तिनं खिडकीचा पडदा आणखी ओढून घेतला.

हा प्रकार मला चांगला माहीत आहे. आमच्या कारखान्यात मुली सवयीनं हात घालायच्या, डोळे भलतीकडे, गप्पांत. मुकादमीण मोठी खट. जेवणाच्या सुट्टीत गुपचूप खणांची अदलाबदल करायची. मग दुपारी कुणाच्या डब्यात तपकिरीत काळं निघतं ते बघायची. जी सापडेल तिला सगळ्यांसमोर उभी करायची. बत्तीस वर्षांत मी एकदाही सापडले नाही, कारण मी बघून घ्यायचे.

आज मी मुकादमीण झाले. हिला म्हटलं, चार दिवस वाया घालवलेस, त्या तुकडेवाल्याला बोललीस, त्या परक्या माणसांना लिहिलंस, आणि काखेत कळसा. देवानं दोन डोळे दिलेत ते काय पडद्यासारखे ओढून ठेवायला? कोर्टातून का निघालीस ते आता कळलं. तिथेही अशीच झोपेत टाइप करत असशील.

हे सगळं ही आता टाइप करते आहे. एक शब्द गाळलेला नाही, असं म्हणते. म्हणजे फारसं लागलेलं दिसत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

नातीचा फोन. हिनं ही दैनंदिनी तिला पाठवली होती, आजीची गंमत म्हणून. पोरगी वाचून लोटपोट झाली, पण म्हणाली, आजी, अठरा तारखेचं पान म्हणजे नुसता भुसा आहे. एक शब्द लागत नाही. आईनं बोटं एक घर सरकवून ठेवली असणार. पण पानभर? तिला दिसलं कसं नाही?

मी हिला म्हटलं, ऐक, मला वाचता येत नाही म्हणून तू काहीही लिहून ठेवतेस. हसली नाही. म्हणाली, झोप आली असेल. पुन्हा सांग, मी लिहिते.

बरं. अठरा तारखेला मी साहेबांनी नोकरी सोडली ते सांगितलं होतं.

एका संध्याकाळी घरी आले, डबा भरलेला तसाच. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन केबिनच्या किल्ल्या देऊन आले. गुडघे दुखतात म्हणाले. त्याच गुडघ्यांनी पुढे रोज मैलभर चालायचे. मी किती बोलले असेन. मग घरी बसून खुर्च्यांना वेत विणायला लागले. हात फार सुरेख. डोळे मिटूनही विणायचे, शेजारची पोरं बघायला यायची. मी म्हणायचे, राजीनामेसाहेब, सिग्नल सोडून खुर्चीची भोकं मोजा आता. हसायचे.

सकाळी पेपर उघडून बसायचे. तासभर एकच पान. मी म्हणायचे, काय हो, एकाच पानावर राज्य करताय? मला अक्षर कळत नाही, पण पान उलटलेलं कळतं. मग हिला हाक मारायचे आणि मोठ्यानं वाचून घ्यायचे. पोरीचं वाचन सुधारतं म्हणायचे. पोरगी कॉलेजात गेली तरी वाचन सुधारतच होतं.

भर उन्हात बाहेर निघायचे नाहीत. निघाले तर टोपी नाकापर्यंत. आणि ते तिरपं बघणं. आणि दोरा. लाल दांड्याला एक गाठ, काळ्याला दोन. मूठ सटकते म्हणून दोरा, हे ठीक. मग गाठी वेगवेगळ्या कशाला? लाल तो लाल, काळा तो काळा, समोर दिसतोय. गाठ कशाला लागते

थांब.

टाइप करू नकोस. पडदा उघड. उघड म्हणते ना. माझ्याकडे बघ. कानाकडे नाही, इकडे. सरळ बघ.

बंद कर ते.

२५ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस दैनंदिनी बंद होती.

मी हिला म्हटलं, तू काल जे सांगितलंस ते तुझ्याच बोटांनी इथे लिही. तयार नव्हती. मी म्हटलं, कोर्टात एकोणीस वर्षं परक्यांचे जबाब लिहिलेस, आज घरचा लिही.

तर जबाब असा. चार वर्षं झाली. जिकडे सरळ बघावं तिथेच कुणी अंगठा ठेवल्यासारखं होतं. कडेकडेनं दिसतं. उजेड टोचतो. रंग धुतल्यासारखे होत गेले, लाल सगळ्यात आधी गेला, काळा झाला. कोर्टात कागद वाचता येईनात म्हणून नोकरी सोडली. कॉम्प्युटरमधले रंग तिनं खण मोजून पाठ केले होते. यंत्रानं खण हलवले. माझ्या मुकादमिणीसारखे.

माझ्या मोतीबिंदूच्या दिवशी डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं होतं. औषध नाही. कडेचं थोडं राहील, मधलं सगळं जाईल. रक्तातून येतं. बापाकडून.

मी विचारलं, त्यांना माहीत होतं?

तेव्हा साहेबांचाही जबाब झाला. त्या संध्याकाळी दिवेलागणीला त्यांनी लाल समजून काळा दांडा ओढला. दोऱ्याची एक गाठ झिजली होती. मालगाडी भलत्या रुळावर येऊन उभी राहिली. कुणाला काही झालं नाही, कुणाला कळलंही नाही. रात्रभर बसून राहिले, सकाळी किल्ल्या दिल्या. म्हणाले, कुणाचा जीव जाण्याआधी नोकरी गेलेली बरी. हे त्यांनी दहा वर्षांच्या पोरीला सांगितलं आणि शपथ घातली, आईला बोलायचं नाही.

मी शेजारच्या खोलीत होते. भांडी आपटत असेन. गुडघ्यांवरून बोलत असेन. बावीस वर्षं बोलले मी त्या गुडघ्यांना.

बत्तीस वर्षांत एकदाही सापडले नाही म्हणे. काळ्याच्या सात जाती ओळखते म्हणे.

हिला विचारलं, मला का सांगितलं नाही दोघांनी? मी हसेन म्हणून? माझ्या जिभेला भ्यायलात?

ही म्हणाली, "नाही आई. उलटं. बाबा म्हणायचे, तिला सांगितलं की ती माझी चेष्टा करायची थांबेल. मग मी खरंच आंधळा होईन."

हे असंच लिही. एकही शब्द इकडचा तिकडे करू नकोस.

८ मार्च, रविवार

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी नातीला ही सगळी पानं पाठवली. मी सांगितलं म्हणून. झाकलेलं यादीत येत नाही, आणि मग छपराशिवायच घर पोचतं. डॉक्टर म्हणाले होते, तिला येण्याची शक्यता निम्मी-निम्मी. आज तिचा फोन आला, आधी मी जेवले का ते विचारलं. मग म्हणाली, परीक्षा झाली की तपासून घेते. एवढंच. एका पानात मोठी झाली पोरगी.

सात लाल दांडे आले. यादी मी आणि हिनं मिळून काढली. ती खण सांगते, मी रंग सांगते. सगळं चित्र असं पुन्हा तपासलं, तीन दिवस लागले. आणखी तीन ठिकाणी चुकलेलं सापडलं. कौलांत दोन काळी, दारात एक. मी नुसतं म्हणते, इथे लाल हवा. आणखी काही म्हणत नाही.

घरात फार शांतता आहे. हिलाही ती ऐकू येत असणार. सारखी विचारते, आई, आहेस ना?

१४ मार्च, शनिवार

केबिन पोचली. नव्या हॉलमध्ये, तिकिटांच्या खिडकीसमोर. मी सकाळी, चांगल्या उजेडात बसून दांड्यांना गाठी बांधल्या होत्या. एक, दोन, तीन. पांढऱ्यांना काही नाही, त्यांना तेव्हाही नव्हत्या. दोरा संपला तिथे रीळही संपलं.

स्टेशनमास्तर तरुण आहेत, गोड बोलतात. ओणवे होऊन बघत म्हणाले, "आजी, या दोऱ्या कशासाठी?"

मी म्हटलं, "मूठ सटकते म्हणून."

कामगार काचेची पेटी घेऊन आले. ही बाजूला उभी होती, मान वाकडी करून, कोपऱ्यातून जेवढं मिळेल तेवढं गोळा करत. पेटी बसली की स्क्रू लावून बंद, पुन्हा कुणी हात लावायचा नाही. मला कळलं, आता ही केबिन सगळ्या गावाला दिसणार आणि जिनं बनवली तिला नाही.

मी हात वर केला. म्हटलं, "थांबा. लाल आहे."

कामगार पेटी धरून उभेच राहिले. मी हिचा हात धरून दांड्यांवर ठेवला. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक मुठीवर बोट थांबायचं, ओठ हलायचे. एक, एक, दोन, तीन. सातव्यावर बराच वेळ थांबली. मला वाटलं माझी गाठ चुकली. म्हणाली, नाही, बरोबर आहे. बाबांच्याही सातव्याची गाठ अशीच जरा वर होती.

ती मी मुद्दाम तशी बांधली नव्हती. हात तसाच गेला असेल.

अठराव्यापर्यंत पोचली आणि हात काढून घेतला. मग मी म्हटलं, जाऊ द्या आता. त्यांनी काच लावली.

आता संध्याकाळ झाली आहे. ही टाइप करायला बसली आहे, बोटं आपापल्या कळांवर, तोंड माझ्या कानाकडे. मी म्हटलं, आज काही नाही, कंटाळा आला. म्हणाली, बोल ना आई.

"काय बोलू?"

"नेहमीसारखं."

सतरा दिवस मी हिला एक टोमणा मारलेला नाही. तोंड उघडलं की साहेब आठवतात, पेपरचं तेच पान धरून हसणारे. मी हिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. केस नीट. कपडे नीट. पाय बघितले.

मग म्हटलं, लिही. आज आमच्या राजीनामेबाई एका पायात लाल आणि एका पायात काळा मोजा घालून स्टेशनात गेल्या होत्या. सगळ्या गाड्यांची पंचाईत. थांबायचं की रूळ बदलायचा?

ही हसली. पोट धरून हसली, टाइप करायची थांबली, पुन्हा हसली.

मीही हसले. असं लिही.